अर्पणगीताची चाल: निळ्या शाईनं खोडलेली ओळ

वसईकर_टेनर

गेल्या महिन्यात आमच्या कॉयरमध्ये एक प्रकार झाला. त्यावरून घरी दोनदा वाद झाले, फादरांच्या व्हरांड्यात एकदा. इथं सगळ्या प्रकारची मंडळी आहेत म्हणून मांडतो.

वसई तालुक्यातल्या एका गावच्या चर्चमध्ये मी एकतीस वर्षं गातोय. आवाज टेनर होता, आता काय आहे ते विचारू नका. पेटीही मीच धरायचो, आता कीबोर्ड. कॉयरमध्ये बारावीचा एक पोरगा आहे, हातात ताल उपजत. त्यानं अर्पणगीत लिहून आणलं. भुईत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्यावर. मी म्हटलं, अरे, आपल्याकडे भात पिकतो, गहू कुठून काढलास? तर म्हणतो, काका, बायबलात गहूच आहे. योहान बारा. गप्प बसलो.

तालमीत गाणं चांगलं बसलं. रविवारी आठच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, घेतलं. पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसऱ्या ओळीला चाल वर चढते, तिथं मागच्या बाकांवरची पोरं एकमेकांकडे बघून ओठ दाबायला लागली. माझी स्वतःची मुलगी रुमालात तोंड खुपसून बसली होती. मला वाटलं, माझा सूर गेला. घरी आल्यावर तिनं मोबाईल पुढं धरला. सिनेमातलं गाणं. हिरॉइन बारच्या काउंटरवर चढून नाचते, तेच. चाल शंभर टक्के तीच, फक्त लय निम्मी.

संध्याकाळी पोराची वही मागून घेतली. गीताच्या डोक्यावर 'चाल :' असं लिहिलेलं आणि पुढचं निळ्या बॉलपेननं इतकं खोडलेलं की कागद फाटायला आला होता. पान उलटून खिडकीशी धरलं, तर मागच्या बाजूला अक्षरं उलटी उमटलेली. वाचता येत होती.

दुसरी बाजूही सांगतो. मिस्सा सुटल्यावर नव्वदीच्या एका आजींनी माझा हात धरला. आजचं गाणं फार गोड होतं म्हणाल्या, पुढच्या रविवारी परत घ्या. त्यांनी तो सिनेमा या जन्मात पाहिलेला नाही.

तर घ्यावं की न घ्यावं? पोरगा रुसून बसलाय. फादर म्हणतात, "तुम्हीच ठरवा." फादरांना माझ्यापेक्षा हुशारीनं हात झटकता येतात.

---

केळफूल

मी ख्रिश्चन नाही, त्यामुळे आधी अडाणी प्रश्न: अर्पणगीत म्हणजे नेमकं काय?

बाकी आमच्या मंडळात हा प्रश्नच उरलेला नाही हो. गणपतीत दहा दिवस फिल्मी चालींवरच्या आरत्या आणि भक्तिगीतं वाजतात. सासूबाई नाक मुरडतात आणि पाचव्या दिवशी स्वयंपाक करताना त्याच गुणगुणतात. देव कानावर हात ठेवून बसलेला मी तरी पाहिला नाही.

---

वसईकर_टेनर

केळफूल, प्रश्न अडाणी नाही. मिस्सात मध्यावर भाविक भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे आणतात, बरोबर झोळी फिरते, दान गोळा होतं. तेव्हा गातात ते. थोडक्यात, सगळे जरा चुळबुळत असतात, नाणी वाजत असतात, पण पुढं जे घडायचं ते मिस्साचं काळीज असतं. म्हणून तिथं हसू फुटलेलं मला जास्त लागलं.

---

मडगावची_नात

टेनरकाका, तुम्ही सिनेमाच्या चालीला परकी समजताय, इथंच माझी हरकत आहे. ती आपल्याच घरातून पळून गेलेली पोर आहे.

आमच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्य सरगम, शिकवत. हाताच्या बोटांवर सूर मोजायचे, मग व्हायोलिन. शिकवणारा मेस्त्री कडक, चुकलं की व्हायोलिनच्या गजानं त्याच बोटांवर फटका. माझे आजोबा तसेच शिकले. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, वाजवायचे, लग्नात वाजवायचे, मयताला वाजवायचे. गोव्यात पोट भरेना म्हणून हीच माणसं मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोव्यातल्या गावागावांच्या वसतिगृहांत, ट्रंक टेकवली आणि दिवसा स्टुडिओत, रात्री हॉटेलात वाजवू लागली.

सिनेमाला त्यांची गरज का पडली, हे बघा. बहुतेक संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर दाखवायचे. चाळीस-पन्नास वादकांना एकाच वेळी काय वाजवायचं ते सांगायला कागदावर पाच रेघांत लिहिणारा माणूस लागतो. ते लिहिणं चर्चमध्ये शिकलेल्यांना यायचं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागं सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांचे वडीलच चर्चचे मेस्त्री. त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ साली गुरूचं नाव थेट 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात घालून ठेवलं. अख्खा देश ते नाव गातो आणि निम्म्या लोकांना वाटतं की ते पात्राचंच नाव. १९५८ साली याच गोन्साल्विसांनी मुंबईत सेंट झेवियर्सच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा करून आपल्या रागांवरची रचना वाजवली, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. पैसा मिळाला नाही. नंतर ते अमेरिकेला गेले, परत आले आणि २०१२ साली माजोर्ड्यातच गेले.

आजोबा सांगायचे, रात्री हॉटेलात वाजवून पहाटे केस ओले करून सहाच्या मिस्साला जायचो. केस ओले का, तर सिगारेटचा वास जावा म्हणून. व्हायोलिन मात्र तेच. ते कुणी धुतलं नाही.

---

नवा_जन्म_९४

मडगावताई, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून मी उलटं बोलणार आहे. रागावू नका.

मी सात वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला. ठाणे, कल्याण, पनवेल, जिथं बोलावतील तिथं. बारमध्येही. दारू तिथंच लागली. बायको माहेरी गेली ती तिथूनच. १९९४ साली एका ध्यानसभेला भावानं ओढत नेलं आणि तिसऱ्या दिवशी मी बदललो. त्यावर वाद घालायचा असेल तर माझ्या बायकोशी घाला, ती परत आली. घरी ऐंशीएक कॅसेटी होत्या, त्या भंगारवाल्याला दिल्या. त्या काळात लोक जाळायचे. मी जाळल्या नाहीत, प्लॅस्टिकचा घाण वास येतो.

तुम्हा लोकांसाठी चाल म्हणजे सा रे ग म. माझ्यासाठी काही चाली म्हणजे रात्री अडीच वाजता बंद शटरसमोर उभं राहून केलेली उलटी. टेनरकाकांचं ते अर्पणगीत मी बाकावर बसून ऐकलं असतं तर मी वेदीकडे बघत राहिलो असतो आणि दिसला असता काउंटर. आजींना गोड लागलं, खरंय. त्या निष्पाप आहेत. मी नाही.

बायबलात पौलानं करिंथकरांना पहिल्या पत्रात मूर्तीपुढं ठेवलेल्या मांसाबद्दल लिहिलंय, आठवा अध्याय काढून बघा. मांसात काही नाही, खाल्लं तरी बिघडत नाही, हे तो आधी मान्य करतो. पुढं म्हणतो की माझ्या खाण्यानं दुबळा भाऊ अडखळणार असेल तर मी मांसच खाणार नाही. मी तो दुबळा भाऊ आहे. प्रत्येक चर्चमध्ये एखादा असतो, मागच्या बाकावर.

---

खवट_म्हातारा

वा. आता माझा नंबर.

फिल्मी चालीवर एवढी बोंब मारणारी हीच मंडळी नाताळात 'जिंगल बेल्स' चर्चच्या आवारात वाजवतात. १८५७ साली अमेरिकेत छापलेलं गाणं, त्यात येशू नाही, मरिया नाही, गव्हाणी नाही, नाताळसुद्धा नाही. बर्फावर गाडी पळवणारी तरणी पोरं आहेत आणि शेजारी बसलेली पोरगी आहे. म्हणजे तेही त्या वेळचं छचोर गाणंच. पण इंग्रजीत असलं की पवित्र.

आणि सिनेमानं आपलं काय केलं तेही बोला की. मडगावताईंनी ज्याचं नाव घेतलं त्या सिनेमात ख्रिस्ती हिरो देशी दारूचा अड्डा चालवतो. बाकीच्या सिनेमांत आपण एकतर बाटली घेऊन पडलेले, नाहीतर व्हिलनच्या कुशीत फ्रॉक घालून बसलेल्या. मी ३८ वर्षं रेल्वेत क्लार्क होतो, दारूचा थेंब नाही, तरी दर ३१ डिसेंबरला ऑफिसातले विचारायचे, "काय मग, आज पार्टी कुठं?" आम्ही वसईचे, घरात मराठी, बायको नऊवारी सोडून काही नेसली नाही. फ्रॉक कुठून आणू?

---

वाचनमात्र

एरवी लिहीत नाही, पण राहवेना.

नवा_जन्म_९४ म्हणतात ती अडचण फार जुनी आहे. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात लिहितो की चर्चमधलं गायन ऐकून मी रडलो होतो. पण शब्दांपेक्षा सुरांनीच जास्त हललो की त्याला अपराधी वाटतं, मग गाणं ऐकलंच नसतं तर बरं असंही वाटतं. शेवटी तो गाण्याच्या बाजूनं झुकतो, पण धडधडत्या छातीनं. सिनेमा त्यानं पाहिला नव्हता, पण तरुणपणी नाटकांचा नाद जबर होता.

दुसरं, चर्चचे नियमही हलत आलेत. १९०३ साली पोप दहाव्या पायसनं चर्चमध्ये पियानोवर बंदी घातली, ढोल आणि झांजांवरही. आता गंमत अशी की स्तोत्र १५० मध्ये परमेश्वराची स्तुती डफ आणि झांजा वाजवूनच करायला सांगितलीय. साठ वर्षांनी, १९६३ साली, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं मिशनच्या देशांतल्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा उपासनेत मानानं घ्या असं लिहिलं. मराठीत मिस्सा, तबला, पेटी हे सगळं त्यानंतरचं. म्हणजे टेनरकाकांचा कीबोर्ड त्यांच्या पणजोबांच्या काळात दारातच अडवला असता.

आणि 'चाल :' लिहिण्याबद्दल. स्तोत्र २२, म्हणजे 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', जे क्रुसावर उच्चारलं गेलं, त्याच्या माथ्यावर 'पहाटेची हरिणी' अशी सूचना आहे. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते तेव्हाच्या एखाद्या गाण्याचं नाव, म्हणजे त्या चालीवर गा. ते गाणं काय होतं कुणास ठाऊक. नावावरून तरी भजन वाटत नाही. स्तोत्र लिहिणाऱ्या त्या बापड्यानं मात्र खोडलं नाही.

---

नगरी_हलगी

वाचनमात्र, डफाचं नाव काढलंत म्हणून.

आम्ही नगरकडचे, प्रॉटेस्टंट. आमच्याकडे देशी चालींचा वाद शंभर वर्षांपूर्वीच मिटला असं सगळे सांगतात. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिटवला. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नगरला राहिले आणि इंग्रजी चालींत कोंबलेल्या, ओढूनताणून मराठी केलेल्या गीतांच्या जागी अभंग, ओव्या, पदं लिहिली. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या आधी कृष्णाजी सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत होते. आजही 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी टिळक भेटतात. मुक्तिफौजवाल्यांनी (साल्व्हेशन आर्मी) तर १८८२ साली मुंबईत उतरल्या उतरल्या रस्त्यावर वाजतगाजत मिरवणूक काढली आणि पोलिसांनी धरून नेलं.

पण मिटलेल्या वादातही एक कोपरा राहतो. अभंग आला, पेटी आली, टाळ आले. हलगी आली नाही.

आमच्या वस्तीत हलगी हे गावकीचं काम होतं. मयत असो, जत्रा असो, पाटलाच्या घरचं लग्न असो, बोलावणं आलं की जायचं आणि लांब उभं राहून वाजवायचं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी हलगी खुंटीला टांगली. गावानं दोनदा माणूस पाठवला, गेले नाहीत. आज्जी म्हणायची, उंदरांनी कातडं खाल्लं तरी त्यांनी खाली काढली नाही. ती खुंटीला टांगणं हीच त्यांच्यासाठी सुवार्ता होती. हे समजल्याशिवाय 'लोकवाद्य चर्चमध्ये आणा' असं कुणी पुण्यामुंबईच्या परिसंवादात म्हणू नये.

आणि तरी. गेल्या नाताळात माझा चुलतभाऊ कुठूनतरी हलगी घेऊन आला. पोरांनी चर्चच्या मागं पाचट पेटवलं, कातडं शेकून चढवलं, बोटानं टिचकी मारून बघितलं, पुन्हा शेकलं. मग मिरवणुकीत जे वाजलं, माझ्या अंगावर आत्ता लिहिताना काटा आलाय. चुलते दारात उभे होते. मिरवणूक पायरीशी आली तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "आत नको." भावानं हलगी पायरीवर ठेवली आणि आत गेला. उपासनेभर दोन लहान पोरं बाहेर ती हळूच वाजवत होती, आत ऐकू येत होतं.

चुलत्यांना त्या आवाजात जे दिसतं ते नवा_जन्म यांना काउंटर दिसतो तसंच. पण काउंटर माणसाच्या स्वतःच्या चुकीचा असतो. हलगीत कुणाची चूक होती?

अवांतर: सी. रामचंद्र आमच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. १९५१ सालच्या त्यांच्या 'अलबेला'त ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट गोव्याचे. मडगावताई, तुमची पळून गेलेली पोर आमच्याकडे नांदायला आली होती बहुतेक.

---

मडगावची_नात

हा हा, नांदली छान!

पण हलगीचं वाचून थांबले थोडा वेळ. आमच्याकडची गोष्ट वेगळी, पण ऐका. फादर स्टीफन्स इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि मराठी ओवीत आख्खं ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ साली रायतूरला छापलं. ते चर्चमध्ये गात असत. आणि एकशेवीस वर्षांनी, १७३६ साली, इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, हुकुमात ख्रिस्ती घरांतल्या ज्या चालीरीतींवर बंदी आली त्यांत बायकांनी लग्नात ओव्या गाणंही होतं. म्हणजे पाद्रीबाबानं पुराण लिहायला घेतलेली ओवी त्याच चर्चनं आमच्या पणज्यांच्या तोंडून काढून घेतली. बायका गात राहिल्याच असणार म्हणा, नाहीतर बंदी कशाला लागते.

---

नवा_जन्म_९४

नगरी_हलगी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. काउंटरशी तुलना चुकली हे मान्य. पायरीवर वाजवणाऱ्या त्या दोन पोरांना माझा सलाम सांगा. तालाला माझी हरकत नव्हतीच. आमच्या चर्चमध्ये ऑक्टोपॅड मीच वाजवतो. :)

---

खवट_म्हातारा

म्हणजे ऑक्टोपॅडचा बाप्तिस्मा झाला, चालीचा नाही. घ्या.

---

नवा_जन्म_९४

काका, ऑक्टोपॅडला चेहरा नसतो. चालीला असतो. वाजवणाऱ्याला विचारा.

---

वसईकर_टेनर

सगळ्यांचे आभार. धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं घडलं.

मी इथं आलो तेव्हा माझा ओढा मडगावताईंच्या बाजूला होता, खोटं कशाला बोलू. चाल चालच असते, पोरं दोन रविवार हसतील, तिसऱ्या रविवारी विसरतील, असं वाटत होतं. नवा_जन्म यांचं मांसाचं वाचलं आणि अडलो. आमच्या मागच्या बाकावर कोण बसतं ते मला नावानिशी माहीत आहे. एक जण तर लग्नांत डीजे लावतो, सुटायचा प्रयत्न करतोय, सहा महिने झाले. त्याच्यासाठी ती चाल काढली. सिनेमाची आहे म्हणून नाही, हे पोराला मुद्दाम दोनदा सांगितलं. त्यानं विचारलं, उद्या कुणाला अभंगाच्या चालीत देऊळ दिसलं तर अभंगही काढणार का? त्याला म्हटलं, तालमीला वेळेवर ये.

मग चाल कुठली? ख्रिस्तपुराणावरून मला ओवी सुचली. माझ्या आईच्या वयाच्या बायका लग्नाच्या आदल्या रात्री गायच्या, उंबराचं पाणी आणायला निघताना, तांदूळ निवडताना. आता तिथं डीजे असतो. गाणाऱ्या उरल्यात दोन-तीन. मी पोराला घेऊन त्या नव्वदीच्या आजींकडेच गेलो. आधी त्यांनी विचारलं, ते गोड गाणं परत का घेतलं नाही. मी खोकलो. पोरगा जमिनीकडे बघत होता.

आजी पडवीत बसल्या होत्या, मांडीवर वालाच्या शेंगा. लग्नाचं गाणं म्हणा म्हटल्यावर लाजल्या, दात नाहीत म्हणाल्या. मग शेंगा सोलता सोलताच सुरू झाल्या. बोट शेंगेत घालून फट्‌ करून उघडायची, तिथं सम. पोरानं मोबाईल सुपाच्या कडेला टेकवून रेकॉर्ड केलं, त्यात शेंगांचा आवाज गाण्यापेक्षा मोठा आलाय. तिसऱ्या फेरीला त्यानं गुडघ्यावर ताल धरला. आजींनी न थांबता त्याच्या हातावर चापट मारली, कारण तो पुढं पळत होता.

गव्हाचा दाणा त्या चालीत बसतो. तीन ओळी तर जशाच्या तशा बसल्या. ओवीचा शेवटचा चरण आखूड असतो, आणि पोराची चौथी ओळ लांब आहे, 'तुझ्या वेदीवरी' ला जागाच उरत नाही. तो म्हणतो, शब्द काढतो. आजी म्हणतात, शब्द राहू दे, ओढून म्हणा, आम्ही नवऱ्याचं नाव लांब असलं की ओढायचो.

वहीत नवीन पान घेतलंय. 'चाल :' पुढं पोरानं आजींचं नाव लिहिलंय, निळ्याच शाईनं. चौथी ओळ अजून दोन मात्रा बाहेर जाते. शनिवारी तालीम आहे.